परदेशी नोकरीस निघालेल्या महिलांसाठी प्रस्थानपूर्व प्रशिक्षण

गोव्यातील पुष्कळ कुटुंबांचा संसार आखाती देशांतून येणाऱ्या पैशांवर उभा राहिला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुरुषांप्रमाणे स्त्रियाही घरकाम, मुलांचा सांभाळ व रुग्णसेवा यांसाठी कुवेत, बाहरीन, ओमान आदी देशांत जात आल्या आहेत. घरकाम करणारी स्त्री मात्र परक्या घराच्या चार भिंतींआड एकटी असते. तिच्या शेजारी सहकारी नसतो व भाषाही ओळखीची नसते. म्हणून तिला लागणारे ज्ञान तिने येथून निघण्यापूर्वीच मिळविणे इष्ट होय.

या हेतूने केंद्रीय परराष्ट्र मंत्रालयाने 2018 मध्ये प्रस्थानपूर्व प्रशिक्षण सुरू केले. ते एक दिवसाचे असून विनामूल्य आहे. त्यात त्या देशाचे कायदे, चालीरीती, कामापुरती भाषा आणि अडचणीच्या वेळी मदत कोठे मिळते, यांची माहिती देण्यात येते.

प्रशिक्षणाचा पहिला धडा कागदपत्रांचा आहे. 1983 च्या उत्प्रवास कायद्यान्वये, दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीस आखाती देशांसह अठरा देशांत नोकरीसाठी जाताना सामान्यतः उत्प्रवास परवाना घ्यावा लागतो. अशा महिलांसाठी किमान वय 30 वर्षे ठरविण्यात आले. परिचारिकांचे नियम वेगळे आहेत. तसेच या महिलांची भरती नेमून दिलेल्या शासकीय संस्थांमार्फतच व्हावी, असे 2016 मध्ये ठरले. तेव्हा गावात येऊन घरकामाची नोकरी देऊ करणारा खाजगी दलाल हीच धोक्याची पहिली खूण समजावी.

असे दलाल बहुधा भेटीचा किंवा पर्यटनाचा व्हिसा हातात देतात. ‘तेथे पोहोचल्यावर बदलून देऊ,’ असे आश्वासन मिळते. परंतु या मार्गाने गेलेल्या स्त्रीची उत्प्रवास नोंद नसते, नोंदणीकृत करार नसतो आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचे दहा लाख रुपयांचे अपघात संरक्षणही नसते. शिवाय पर्यटन व्हिसावर काम करणे हा तेथे गुन्हा असल्याने, फसवणूक झालेली स्त्रीच आरोपी ठरण्याची भीती असते. तक्रार करण्यास ती धजावत नाही ती यामुळेच.

दुसरा धडा हक्कांचा. कुवेतने 2015 मध्ये घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदा (क्रमांक 68) केला. दिवसाला कमाल बारा तास काम, आठवड्याची भरपगारी सुट्टी, वर्षाला तीस दिवसांची रजा आणि नोकरी संपताना प्रत्येक वर्षामागे एक महिन्याचे वेतन या तरतुदी त्यात आहेत. मालकाने कामगाराच्या संमतीविना पारपत्र ठेवून घेणेही त्याने निषिद्ध केले. हक्क ठाऊक असलेलीच तो मागू शकते. मात्र तेथील वास्तव्य मालकाच्या नावाशी जोडलेले असल्याने, रागाच्या भरात घर सोडणाऱ्या स्त्रीवर पळून गेल्याची तक्रार होऊ शकते. अशा वेळी प्रथम भारतीय दूतावासाशी संपर्क साधावा.

तिसरा धडा घरच्यांसाठीही आहे. पारपत्र, व्हिसा व करार यांच्या प्रती घरी ठेवाव्यात. दूतावासाचा दूरध्वनी क्रमांक तिने पाठ करावा, कारण मोबाईल काढून घेतला जाऊ शकतो. पैसे बँकेमार्फत स्वतःच्या नावावरील खात्यात पाठवावेत.

या कामी शिक्षक, पंचायत सदस्य व महिला मंडळे यांचे साहाय्य मोलाचे ठरेल. करारातील वेतन, कामाचे स्वरूप व मुदत तिला समजेल अशा भाषेत कोणी वाचून दाखविली, तरी पुष्कळ फसवणूक उंबरठ्यावरच टळेल. परदेशी जाण्यापासून कोणत्याही भगिनीला परावृत्त करण्याचा येथे हेतू नाही. तिने जाणतेपणाने जावे आणि सन्मानाने परतावे, एवढीच अपेक्षा आहे.