कोरी, न मुरवलेली, घायपाताची

न मुरवलेल्या मद्याची पारख करायची तर मूर्तिजापुरात ती पौष-माघातल्या सकाळी करावी. वैशाखात इथे पारा बेचाळीसच्या वर असतो. तेव्हा ग्लास नाकाशी नेला की आधी स्पिरिटचा भपकारा येतो आणि बाकीचे सगळे वास त्याखाली दबतात. घरात उदबत्ती लावलेली नसावी, स्वयंपाकघरात फोडणी पडलेली नसावी, आणि ठेचा खायचा तर तो दुपारच्या भाकरीसोबत.

टेबलावर दोन बाटल्या होत्या. एक मेक्सिकोची ब्लँको टकीला, म्हणजे लाकडी पिंपात न मुरवलेली. दुसरी आपल्या दख्खनच्या घायपाताची, ‘डेस्मंडजी’ नावाची, गोव्याहून आलेली. डेस्मंड नाझरेथ यांनी आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यात भट्टी उभारली आणि २०११ मध्ये हे मद्य बाजारात आणलं. त्याला टकीला म्हणता येत नाही. ते नाव १९७४ पासून मेक्सिकोतल्या ठरावीक प्रदेशासाठी राखलेलं आहे, त्यात मुख्य हालिस्को राज्य. शिवाय झाडही वेगळं. टकीला निळ्या अगेव्हचीच लागते. दख्खनची ही अगेव्ह अमेरिकानाची. धुऱ्यावर कुंपण म्हणून लावतात आणि पानांचा वाख काढून दोर वळतात, तेच हे घायपात. लोक त्याला निवडुंगात काढतात, पण शास्त्राच्या हिशेबाने ते शतावरीच्या कुळातलं आहे.

मद्य पानांचं होत नाही. पानं छाटल्यावर जो गड्डा उरतो, त्याचं होतं. गड्ड्यातली गोडी इन्युलिनच्या रूपात असते आणि यीस्टला ती तशी पचत नाही. तासन्तास शिजवल्यावर तिचं फ्रुक्टोज होतं. मग रस काढायचा, आंबवायचा आणि टकीलाच्या रीतीने दोनदा भट्टीतून काढायचा. मुरवलेल्या मद्यात पुढे ओकचं लाकूड बरंच काही सावरून घेतं. इथे ती सोय नाही. गड्डा कच्चा राहिला, आंबवण घाईत उरकलं, भट्टीतून पहिल्यांदा येणारा उग्र भाग वेळेवर वेगळा काढला नाही, तर सगळं ग्लासात उघडं पडतं. म्हणूनच आधी कोरी चाखायची आणि कॉकटेल नंतर, हा क्रम मी मोडत नाही.

ग्लास तोंडाशी निमुळता हवा, आणि त्यात वीस मिलिलिटर पुरे. पांढऱ्या कागदासमोर धरून पाहायचं. पाण्यासारखी स्वच्छ दिसली पाहिजे. मग ओठ किंचित उघडे ठेवून वास घ्यायचा, म्हणजे अल्कोहोल नाकात झोंबत नाही. पहिला घोट चवीसाठी नसतोच, तो जिभेला सवय व्हावी म्हणून. न्याय दुसऱ्या घोटावर करायचा: तोंडात फिरवायचा, गिळायचा किंवा थुंकायचा आणि श्वास नाकातून सोडायचा. खरी चव त्या श्वासात कळते. त्यानंतर दोन थेंब पाणी, म्हणजे वास मोकळा होतो. हे पाणी बोअरचं नको. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात जमिनीतलं पाणीच खारं, आणि ते इतक्याशा मद्यातही जाणवतं.

मेक्सिकोच्या ग्लासात भाजलेल्या रताळ्याचा गोडवा होता, मागून लिंबाची साल आणि शेवटी मिरी. घायपाताच्या ग्लासात गोडवा कमी, मिरी आधी आणि तिखट, आणि तळाशी एक मातकट हिरवेपणा. त्याला मला शब्द सापडत नव्हता. समोर बसलेला शेतकरी मित्र ग्लास हुंगून म्हणाला, “भाऊ, पहिला पाऊस पडल्यावर धुऱ्यावर येते ना, तसा वास येऊन राह्यला.” मी तेच टिपून घेतलं.

एक परीक्षा हाताची. थेंबभर तळव्यावर घेऊन दोन्ही हात चोळायचे आणि वाळू द्यायचे. तळवे चिकट लागले तर वरून साखर घातल्याचा संशय घ्यावा. व्हॅनिलाचा वास आला तरी तसाच. न मुरवलेल्या मद्यात व्हॅनिला येणार कुठून? ती लाकडाची देणगी. दोन्ही बाटल्यांनी तळवे कोरडे ठेवले.

हे मूर्तिजापुरात बसून लिहिताना गाडगेबाबा मनात असतातच. याच तालुक्यातल्या दापुऱ्यात, मामाच्या घरी ते वाढले, कारण वडिलांना दारूने नेलं होतं. पुढे जन्मभर त्यांनी कीर्तनातून दारूवर कोरडे ओढले. त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. म्हणून पारखीचं माप वीस मिलिलिटरचं, थुंकायचं भांडं शेजारी, आणि चाखणं संपलं की बाटली कपाटात.

आता कॉकटेल. मार्गारिटात टकीला, लिंबू आणि संत्र्याचं लिक्युअर असतं. लिक्युअर इथे मिळालं नाही, पण माघात वरुड-मोर्शीकडची मृगबहाराची संत्री येतात, आणि मला तीच जास्त योग्य वाटली. पंचेचाळीस मिलिलिटर मद्य, तीस संत्र्याचा रस, पंधरा कागदी लिंबाचा आणि चमचाभर साखरेचा पाक. आपलं कागदी लिंबू चांगलंच आंबट असतं, पंधराच्या वर गेलात तर बाकी काही उरत नाही. बर्फासोबत घुसळायचं, गाळायचं आणि संत्र्याच्या सालीचं तेल वर पिळायचं. मीठ ग्लासच्या अर्ध्याच काठाला लावावं, म्हणजे मिठासकट आणि मिठाविना अशा दोन्ही चवी घेता येतात.

इथे प्रश्न एकच: झाड अजून बोलतंय का? मेक्सिकोची टकीला संत्र्यात जवळजवळ विरघळली. छान लागली, पण रस प्यायल्यासारखी. घायपात मात्र टिकलं. आधी संत्रं आलं, मग मिरी, आणि मिठाच्या बाजूने घोट घेतला की तो मातकटपणा पुन्हा वर आला. बर्फ वितळून ग्लास पातळ झाला तरी दोष बाहेर आले नाहीत, आणि मी या कसोटीला सर्वांत जास्त मान देतो.

माझा निकाल असा: कोरी प्यायची तर मेक्सिकोची सरस, तिचा शेवट लांब आणि गोल आहे. मिसळून प्यायची तर दख्खनच्या घायपाताला पहिला नंबर. घेताना लेबलवर ‘१०० टक्के अगेव्ह’ असं लिहिलेलं आहे ना, ते बघा. टकीलाच्या बाटलीवर ते नसेल, तर आतली ४९ टक्क्यांपर्यंतची साखर दुसऱ्या कशाची असू शकते.