कंडरेचे सांधणे आणि समीकरण

सुश्रुतसंहितेत कंडरा १६ सांगितल्या आहेत. मराठीत ‘स्नायू’ हा शब्द मांसपेशीस देऊन आपण कंडरेस जवळजवळ विसरलो. असो.

बोटाची कंडरा तुटली असता प्रथम दाह, मग घाईने विणलेले तिसऱ्या प्रकारचे कोलॅजन, आणि पुढे कित्येक महिन्यांत त्याच्या जागी पहिल्या प्रकारचे बळकट तंतू, असा क्रम असतो. अवकल समीकरणात हे असे मांडतात: कोलॅजनाच्या वाढीचा वेग म्हणजे पेशींनी केलेली निर्मिती उणे एंझाइमांनी केलेले विघटन. खरी अडचण ताणाची. बोट बांधून ठेवले तर कंडरा भोवतालच्या ऊतींना चिकटते. फार ओढले तर टाका तुटतो. या दोहोंमधील सुरक्षित मर्यादा दिवसागणिक सरकते आणि समीकरणाकडून हवी असते ती हीच. परंतु त्यातील पुष्कळ स्थिरांक प्राण्यांवरील प्रयोगांतून घेतलेले असतात, माणसाच्या बोटातून नव्हे.