रविवारी संध्याकाळी मेस बंद

पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोरांना एक वेळापत्रक तोंडपाठ असतं : रविवारी संध्याकाळी मेस बंद. खिशात पैसे असतील तो बाहेर जेवतो. नसतील तो दुपारीच दोन पोळ्या जास्त खातो आणि रात्री ‘भूक नाही’ म्हणतो.

प्राचार्यांना हे कळणार कसं? पोरगं सांगत नाही. ‘गरीब विद्यार्थ्यांनी नावे द्यावीत’ अशी नोटीस लावा, कुणी फिरकणार नाही. ‘ग्रंथालयात कामासाठी विद्यार्थी हवेत’ म्हणा, रांग लागते. ‘कमवा आणि शिका’ योजनेचं मर्म मला इथे दिसतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते याच तत्त्वावर. पुढे विद्यापीठांनी ते उचललं.

आज ती योजना चालते अशी. सत्राच्या सुरुवातीला अर्ज निघतात, सोबत उत्पन्नाचा दाखला लागतो. निवड झाली की काम ठरतं : पुस्तकं लावणं, प्रयोगशाळा आवरणं, कार्यालयातल्या नोंदी, बागेला पाणी. तास हजेरीपत्रकावर चढतात, त्यावर सही होते, हिशेब लागतो आणि मानधन खात्यात जमा होतं. कागदावर सगळं सरळ. पण कामाची वेळ तासिकेवर आली, तर पोरगं कमावतं आणि शिकायचं राहतं. वेळा जुळवणं हे प्राचार्यांचं पहिलं काम. दुसरं अधिक अवघड : पैसे वेळेवर देणं. अनुदान आल्यावर बघू, असं लेखनिक म्हणू शकतो; मेसवाला म्हणत नाही. म्हणून जाणते प्राचार्य महाविद्यालयाच्या निधीतून आधी मानधन देतात आणि वसुलीचा पत्रव्यवहार मागाहून करतात.

शासनाच्या मदतीचंही तसंच. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुणे-मुंबईसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये : भोजनाला ३२,०००, निवासाला २०,०००, निर्वाहाला ८,०००. भोजनाची रक्कम बारा महिन्यांत वाटली तर महिन्याला २,७०० सुद्धा होत नाहीत. शिवाय घरमालकाला डिपॉझिट पहिल्याच दिवशी हवं असतं. योजनेचे पैसे अर्ज, छाननी, मंजुरी होऊन येतात.

मधल्या महिन्यांसाठी महाविद्यालयाकडे हत्यारं साधीच असतात. फीचे हप्ते. पुस्तकपेढी. जुन्या लोकांच्या तोंडी ‘पुअर बॉईज फंड’ म्हणून रुळलेला विद्यार्थी साहाय्य निधी. आणि बोनाफाईडवर त्याच दिवशी सही, जी फुकट असूनही सर्वांत दुर्मीळ! खिडकीवर ‘उद्या या’ ऐकून परतणाऱ्याची अर्जाची मुदत कधीकधी तेवढ्यात संपते.

यासाठी एका प्राध्यापकाकडे विद्यार्थी विकास अधिकाऱ्याची जबाबदारी असते. त्याची खोली मात्र कार्यालयाच्या दारात नसावी. तिथे कोण गेलं, हे साऱ्या वर्गाला दिसतं.