उडी आणि उड्डाण : पडद्यावरचे महानायक आणि आपली गच्ची

वैशाखातली दुपार. परभणीत पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या पुढे सरकलेला असतो. रस्ते ओस पडतात आणि दाराखिडक्यांना पडदे लावून, कूलरच्या झोतात आपली मुले दूरचित्रवाणीसमोर किंवा मोबाइल घेऊन बसलेली असतात. अशा उन्हात त्यांना बाहेर पाठवता येत नाही, म्हणून आपणही फारसे काही बोलत नाही. दुपारभर पडद्यावर कोणीतरी एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर झेपावत असते. उन्हे उतरली की हीच मुले गच्चीवर धावतात, कारण जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत आपल्याकडे उन्हाळ्यातली संध्याकाळ आणि पुष्कळदा रात्रही गच्चीवरच जाते. तिथे अंथरुणे असतात, पाण्याची घागर असते, वाळत घातलेल्या कुरडया असतात आणि अनेक घरांत कठडा नसलेली एक कडही असते. दुपारचा पडदा आणि संध्याकाळची ती कड यांच्यात अंतर फार थोडे आहे. ते वाढवणे आपल्या हाती आहे.

उडीचे उड्डाण कसे झाले?

सुपरमॅन हा या महानायकांचा आद्य पुरुष. जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी १९३८ साली त्याला चित्रकथेत आणले, तेव्हा त्याला उडता येत नव्हते. तो उड्या मारीत असे. एका उडीत तो सुमारे दोनशे मीटर जाई, वीस मजली इमारत ओलांडी. पण उडी घेतली की त्याला कोठेतरी उतरावे लागे आणि पाय रेटून पुन्हा झेप घ्यावी लागे. १९४१ मध्ये फ्लायशर बंधूंच्या स्टुडिओने त्याच्यावर ॲनिमेशनचे लघुपट काढण्यास आरंभ केला. कागदावर रुबाबदार वाटणारी ती उडी हलत्या चित्रात मात्र विचित्र दिसू लागली. त्यातून मार्ग निघाला तो असा, की सुपरमॅन सरळ उडू लागला. पुढे चित्रकथेनेही त्याचे उड्डाण स्वीकारले.

ही गोष्ट वरवर पाहता तंत्राची आहे. परंतु आई-वडिलांनी तिच्याकडे थोडे थांबून पाहावे. उडीला जमीन लागते, उड्डाणाला ती लागत नाही. कागदावरून पडद्यावर येताना महानायकाच्या शरीरातून जे गळून पडले, ते म्हणजे वजन.

आजच्या आजी-आजोबांच्या पिढीने इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचला. १९६४ पासून निघालेल्या त्या अंकांतील वेताळाला कोणतीही अलौकिक शक्ती नव्हती. तो घोड्यावरून जाई आणि धावताना दमे. शिवाय छापील पानावर एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जाताना वाचक क्षणभर थांबतो. नायक कड्यावरून कसा उतरला असेल, हे त्याला स्वतःच्या मनाने भरून काढावे लागते. हलते चित्र ही सवड देत नाही. तिथे झेप, घसरण आणि उतरणे एका श्वासात घडते आणि उतरलेला नायक पुढच्याच क्षणी हसत उभा असतो. ज्यांनी दूरदर्शनवर जुनी स्पायडरमॅन मालिका पाहिली आहे, त्यांना आठवत असेल, की त्याच्या जाळ्याचा दोर वर नेमका कशाला चिकटला आहे, हे पुष्कळदा दिसतच नसे. ती मालिका १९६७ सालची. तिच्या निर्मात्यांना तो प्रश्न पडला नाही, आणि मुलांनाही तो पडत नाही.

ठोसा वर्ज्य, पडणे निर्धास्त

या मालिकांच्या निर्मात्यांनी मुलांचा विचार केलाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९४ च्या स्पायडरमॅन मालिकेत वाहिनीच्या नियमांमुळे नायकाने मुठीने ठोसा मारणे जवळजवळ वर्ज्य होते आणि खऱ्या बंदुकांऐवजी प्रकाशकिरणांची शस्त्रे दाखवली जात. आपल्याकडे १९९७ साली ‘शक्तिमान’ सुरू झाल्यावर मुलांनी त्याचे अनुकरण करून इजा करून घेतल्याच्या बातम्या आल्या. तेव्हा त्या नायकानेच पडद्यावरून मुलांना, माझी नक्कल करू नका, असे बजावले. ‘शक्तिमान’मध्ये जिवंत नट होता, त्याची ॲनिमेशन मालिका नंतर आली. चित्रातला नायक मात्र असे थांबून सहसा बजावत नाही. आणि ठोशावर नियम बसवता येतो, तसा गुरुत्वाकर्षणावर बसवता येत नाही.

आता आपल्या गच्चीचे गणित पाहू. एका मजल्याच्या घराची गच्ची साधारण दहा फुटांवर असते. तेथून पडणारे मूल पाऊण सेकंदाच्या आसपास जमिनीवर पोहोचते आणि आदळताना त्याचा वेग ताशी सुमारे अठ्ठावीस किलोमीटर असतो. ओरडायलाही एवढा वेळ पुरत नाही. लहान मुलांचे डोके शरीराच्या मानाने मोठे व जड असते, त्यामुळे पडताना डोक्याला मार लागण्याचा धोका अधिक.

मूल काय उचलते?

‘चित्रातले खोटे असते, एवढे मुलांना कळते,’ असे आपण सहज म्हणून जातो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली बालवाडीच्या वयाच्या मुलांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांनी फुगीर बाहुलीला मारहाण करणारी व्यक्ती प्रत्यक्ष पाहिली, काहींनी तिचे चित्रीकरण पाहिले, तर काहींनी मांजराचा वेष घेतलेले कार्टूनसारखे पात्र पडद्यावर पाहिले. तिन्ही गटांतील मुलांनी नंतर, असे काही न पाहिलेल्या मुलांपेक्षा अधिक मारहाण केली. एका बाहुलीवरील प्रयोगावरून साऱ्या आयुष्याचे अनुमान काढू नये; पण कार्टून आहे म्हणून मूल ते उचलणार नाही, ही आपली खात्री त्याने नक्कीच सैल होते.

याला एक दुसरी, आश्वासक बाजूही आहे. २०१७ साली अमेरिकेतील संशोधकांनी चार आणि सहा वर्षांच्या मुलांना दहा मिनिटांचे एक कंटाळवाणे काम दिले. मध्येच टॅब्लेटवर खेळ खेळण्याची मुभाही होती. काही मुलांना बॅटमॅनसारख्या आवडत्या पात्राची भूमिका घेऊन, तो आता मन लावून काम करतो आहे का, असे स्वतःला विचारायला सांगितले. हीच मुले कामात सर्वाधिक वेळ टिकून राहिली.

म्हणजे महानायक मुलाला दोन गोष्टी देऊ करतो : वजन नसलेले शरीर आणि घेण्याजोगा स्वभाव. पहिली नाकारायची आणि दुसरी राखायची, हे घरातल्या मोठ्यांचे काम. दूरचित्रवाणी बंद करून ते होत नाही. शेजारी बसून होते.

सोबत पाहताना

‘स्पायडरमॅन : इन्टू द स्पायडर-व्हर्स’ हा २०१८ चा ॲनिमेशनपट मुलांसोबत अवश्य पाहावा. त्यातला माइल्स मोरालेस आधी उंच इमारतीवर चढतो, खाली पाहतो आणि घाबरून कमी उंचीची इमारत निवडतो. तरीही बुटाच्या सुटलेल्या लेसमुळे तो अडखळून पडतो आणि त्याच्याजवळचे महत्त्वाचे यंत्र मोडते. ॲनिमेशनमध्ये पडण्याची किंमत इतकी स्पष्ट क्वचितच दिसते. परंतु त्याच चित्रपटात पुढे तो मनातील भीती सोडून उंचावरून झेपावतो. आपण त्या झेपेचा अर्थ ‘स्वतःवर विश्वास ठेव’ असा घेतो. पाच-सहा वर्षांचे मूल कदाचित ‘उडी मार’ एवढाच घेईल. तेथे चित्रपट थांबवावा आणि विचारावे, “बाळा, खरोखरचा मुलगा असता तर त्याला कुठे लागलं असतं?” याच मालिकेतील २०२३ चा चित्रपट मराठीतूनही प्रदर्शित झाला आणि त्यात पवित्र प्रभाकर हा भारतीय स्पायडरमॅनही आहे. भाषा आपली असली की असे प्रश्न विचारणे सोपे जाते.

मुलाला महानायकाची भूमिका जरूर घेऊ द्यावी. फक्त काम जमिनीवरचे द्यावे. ‘स्पायडरमॅन आजीच्या गोळ्या वेळेवर आणून देतो का?’ ‘बॅटमॅन पाढे पूर्ण झाल्याशिवाय उठतो का?’ पाठीवर ओढणी किंवा टॉवेल बांधायचा हट्ट असेल, तर गळ्याला गाठ मारू नये, ती अडकून फास बसू शकतो. कापड खांद्यांवर हलकेच खोचावे, ओढताच सुटेल असे. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पडद्याची मर्यादा दिवसाला जास्तीत जास्त एक तास अशी सांगितली आहे, आणि त्याहूनही कमी असल्यास उत्तम. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती पाळणे अवघड आहे. म्हणून निदान पडदा बंद झाल्यावर लगेच गच्चीवर, हा क्रम मोडावा. मधे अर्धा तास जेवण, गोष्ट किंवा पत्त्यांचा डाव असावा.

आणि गच्चीला कठडा असावा. इमारतींच्या राष्ट्रीय संहितेप्रमाणे त्याची उंची किमान एक मीटर हवी. कठड्यालगत बाज, टाकी किंवा विटांचा ढीग ठेवू नये, त्यावर चढून मूल वर जाते. जिन्याच्या दाराला वरच्या बाजूस कडी असावी. जुन्या माळवदाच्या घरात कठडा घालणे शक्य नसेल, तर मुले मोठ्यांशिवाय वर जाणार नाहीत, हा नियम घरातल्या सर्वांनी पाळावा.

मूल पडलेच, तर

उंचावरून पडलेल्या मुलाला घाईने उचलून बसवू नये. डोके व मान हलू न देता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे. सुजलेला हात-पाय चोळू नये, ओढून बसवू नये. तोंडाने पाणी वा अन्न देऊ नये. शुद्ध हरपणे, पुन्हा पुन्हा उलटी, झटके, असाधारण झोपाळूपणा, कानातून वा नाकातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, यांपैकी काहीही दिसले तर क्षणाचाही विलंब नको. वरवर बरे वाटणाऱ्या मुलालाही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि पुढचा दिवसभर लक्ष ठेवावे.

आज संध्याकाळी गच्चीवर जाल, तेव्हा मुलाचा हात धरून त्या कडेपर्यंत जा. त्याला खाली पाहू द्या. सुपरमॅनलाही सुरुवातीला खाली उतरावेच लागत असे, हे त्याला सांगा. त्याला ते कदाचित आवडेल. मग त्याला घेऊन अंगणात उतरा आणि शेवटच्या पायरीवरून उडी मारायला सांगा, गुडघे वाकवून, दोन्ही पायांवर. तेवढी उडी त्याच्या वयाला पुष्कळ आहे.