जुन्या लॅपटॉपवर दुसरी कार्यप्रणाली : आभासी यंत्राचा उपयोग

विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित आधार मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. तिच्या जागी येणाऱ्या विंडोज ११ साठी टीपीएम २.० हा सुरक्षा घटक आणि बहुतांशी २०१७ नंतरच्या पिढीतील प्रोसेसर आवश्यक असतो. परिणामी, सुस्थितीत असलेले अनेक लॅपटॉप नव्या प्रणालीस अपात्र ठरले आहेत. शाळा, पंचायत कार्यालये आणि सहकारी संस्था यांना असे यंत्र मोडीत काढणे सहसा परवडत नाही. शिवाय हिशेबाचा एखादा जुना प्रोग्राम, किंवा युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला मराठी मजकूर, जुन्या विंडोजवरच नीट उघडतो. यंत्र टिकावे, जुने काम अडू नये आणि माहितीही सुरक्षित राहावी, या तिन्ही गोष्टी साधण्याचा एक मार्ग म्हणजे आभासी यंत्र होय.

आभासी यंत्र म्हणजे काय?

संगणकाचे सर्व भाग चालविणाऱ्या मूळ प्रोग्रामसमूहास कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज आणि लिनक्स ही तिची परिचित उदाहरणे आहेत. एका संगणकावर सामान्यतः एका वेळी एकच कार्यप्रणाली चालते. परंतु हायपरव्हायझर नावाचा प्रोग्राम खऱ्या संगणकाच्या आत दुसऱ्या संगणकाचा आभास निर्माण करतो. त्या आभासी संगणकाला स्वतःची स्मृती, स्वतःची डिस्क व स्वतःचा पडदा असतो. मूळ प्रणालीस यजमान आणि आतील प्रणालीस पाहुणी असे म्हणतात. पाहुण्या प्रणालीची संपूर्ण डिस्क ही यजमानाच्या दृष्टीने केवळ एक मोठी फाइल असते.

ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीच्या केंब्रिज येथील केंद्रात १९६० नंतरच्या दशकात यावर काम झाले आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर झाली. त्या काळी एक महागडा संगणक अनेकांनी वाटून वापरणे हा हेतू होता. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने ही सोय वैयक्तिक संगणकावर आणली. २००५ मध्ये इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने प्रोसेसरमध्येच त्यासाठी साहाय्य दिले. म्हणूनच दहा-बारा वर्षांपूर्वीच्या बहुतेक लॅपटॉपवरही हे काम होऊ शकते.

आधी करावयाची तपासणी

पहिली बाब प्रोसेसरची. विंडोज १० मध्ये टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' विभागात 'व्हर्च्युअलायझेशन' चालू आहे की बंद, हे दिसते. बंद असल्यास संगणक सुरू होताना बायॉसमध्ये जाऊन ते चालू करावे लागते. व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्रामला ६.१ या आवृत्तीपासून हे साहाय्य अनिवार्य आहे.

दुसरी आणि सर्वांत महत्त्वाची बाब स्मृतीची, म्हणजेच रॅमची. एकाच विहिरीवर दोन मोटा चालवाव्यात तशी ही स्थिती असते. पाणी वाढत नाही, वाटले जाते. आठ जीबी रॅम असल्यास तीन ते चार जीबी पाहुणीस देता येते. चार जीबी असल्यास दीड जीबीपेक्षा अधिक देऊ नये आणि पाहुणी प्रणाली हलकी निवडावी. दोन जीबी असल्यास या मार्गास न जाता हलके लिनक्स थेट बसविणे योग्य.

तिसरी बाब डिस्कची. पाहुण्या प्रणालीसाठी किमान वीस ते पंचवीस जीबी जागा मोकळी असावी. फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी बसविल्यास वेगात मोठा फरक पडतो.

यजमान कोण, पाहुणी कोण?

येथेच अनेकांची गफलत होते. आधार संपलेल्या विंडोजच्या आत लिनक्स चालविल्याने मूळ विंडोज सुरक्षित होत नाही. यजमान असुरक्षित असेल, तर पाहुणीही असुरक्षितच राहते. म्हणून हे काम दोन टप्प्यांत करावे.

पहिल्या टप्प्यात विंडोजमध्ये व्हर्च्युअलबॉक्स बसवून त्यात लिनक्स चालवावे. सी-डॅकने विकसित केलेल्या 'बॉस' लिनक्सची पहिली आवृत्ती २००७ मध्ये आली; तीत मराठीसह भारतीय भाषांची सोय आहे. मराठी टंकलेखन आणि कार्यालयीन दस्तऐवज यांची चाचणी येथे निर्धास्तपणे घेता येते. बिघाड झालाच, तर आभासी यंत्र पुसून नव्याने उभारता येते. मात्र छपाईयंत्राची खातरजमा पेनड्राइव्हवरून थेट लिनक्स सुरू करून करावी.

दुसऱ्या टप्प्यात सर्व माहितीची प्रत बाहेर काढून ठेवावी, लिनक्स थेट लॅपटॉपवर बसवावे आणि जुनी विंडोज त्याच्या आत पाहुणी म्हणून ठेवावी. या पाहुणीचे नेटवर्क बंद करावे. जुना प्रोग्राम चालेल. बाहेरचा उपद्रव तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट मात्र बव्हंशी बंद होईल. विंडोज ७ च्या ३२-बिट आवृत्तीस एक जीबी रॅम पुरते, त्यामुळे चार जीबीच्या लॅपटॉपवरही ही व्यवस्था चालते.

मर्यादा व दक्षता

जुन्या विंडोजचा परवाना वैध असावा. लॅपटॉपसोबत आलेला परवाना आभासी यंत्रास लागू होतोच असे नाही. त्याच्या अटी आधी वाचाव्यात. डोंगल लावून चालणारे काही प्रोग्राम आभासी यंत्रात चालत नाहीत. त्यांची चाचणी मूळ विंडोज पुसण्यापूर्वीच करावी. 'स्नॅपशॉट'मुळे आभासी यंत्र पूर्वस्थितीत नेता येते, परंतु तो त्याच डिस्कवर असल्याने त्यास सुरक्षित प्रत समजू नये. आभासी यंत्र बंद करून त्याच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी.

एवढी दक्षता घेतल्यास जुना लॅपटॉप आणखी काही वर्षे उपयोगी पडेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, संस्थेचे जुने हिशेब आणि मराठी दस्तऐवज वाचता न येणाऱ्या फाइली होऊन पडणार नाहीत. सवड मिळेल तसा तो मजकूर युनिकोडमध्ये आणून ठेवावा. आभासी यंत्राने मिळालेला अवधी त्यासाठीच वापरणे हिताचे.