नव्या आवृत्तीकडून अपेक्षा घड्याळाची

ऑपरेटिंग सिस्टीमच्या नव्या आवृत्तीकडून वेग आणि देखणेपणा अपेक्षिला जातो. पण त्याहून मोलाची अपेक्षा अचूक घड्याळाची आहे. युनिक्स घराण्यातील प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. हा आकडा धन-ऋण चिन्हासह ३२ बिटांत साठवला, तर त्यात २,१४,७४,८३,६४७ पर्यंतचाच आकडा मावतो. १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ही मर्यादा गाठली जाईल. पुढच्याच सेकंदाला आकडा ऋण होऊन तारीख थेट डिसेंबर १९०१ मध्ये जाईल. यावरचा उपाय म्हणजे ६४ बिटांची मोजणी. २०२० च्या लिनक्स ५.६ मध्ये ३२ बिटी यंत्रांसाठी तिची सोय झाली. २०२५ च्या डेबियन १३ या लिनक्स-आधारित प्रणालीने आय३८६ (इंटेल घराण्यातील जुनी ३२ बिटी यंत्रे) वगळता इतर ३२ बिटी यंत्रांसाठी ती स्वीकारली. वर्षानुवर्षे भिंतीवर टांगलेल्या राउटरसारख्या यंत्रांनाही हा बदल वेळेत मिळायलाच हवा.