ऊन लागलं, एवढंच?

आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला तरी कुणाला नवल वाटत नाही. नवल वाटावं ते आपलंच. त्याच उन्हात आपण गच्चीवर कुरडया घालत बसतो!

गेल्या वर्षी शेजारच्या काकू अशाच दुपारी बाराला गच्चीवरून खाली उतरल्या. वय ५८, बीपीची गोळी चालू. "मळमळतंय गं, पाठ भरून आलीय, दम लागतोय," म्हणाल्या. ऊन लागलं असेल म्हणून मीच त्यांना कैरीचं पन्हं दिलं आणि कूलरसमोर निजवलं. चार वाजता गार घाम थांबेना, तेव्हा सुनेने धावत जाऊन रिक्षा आणली. ईसीजी काढल्यावर कळलं, हार्ट अटॅक. काकू वाचल्या. पण ते चार तास माझ्या मनातून अजून जात नाहीत.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे जास्त पाठवावं लागतं, म्हणून उन्हात हृदयाला जोरात पळावं लागतं. त्यात घामाने पाणी गेलं की रक्त घट्ट होतं, बीपी उतरतं. आधीच थकलेल्या हृदयाला हे झेपत नाही. आणि बायकांना छातीत कळ येईलच असं नाही. कधी जबडा किंवा पाठ दुखते, दम लागतो, मळमळतं, नाहीतर नुसता विलक्षण थकवा येतो. आपण त्याला पित्त म्हणून मोकळ्या! अशा वेळी वाट न पाहता १०८ ला फोन करावा. उन्हातून आलेली बाई तापली, बरळू लागली तरीही तेच. गाडी येईपर्यंत ओल्या फडक्याने अंग पुसावं, वारा घालावा.

बचत गटात मी हे सांगते. तहान लागायची वाट न बघता पाणी प्या म्हटलं की बायका हसतात. "ताई, प्यायलं तर जायचं कुठं?" खरंच आहे. एसटी स्टँडवरचं बाथरूम आठवून मीही प्रवासात घोटभरच प्यायची. आता बाटली संपवते आणि गावात उतरल्यावर कुणाच्याही दाराची कडी वाजवते.

बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. उन्हाळ्यात चक्कर येत असेल तर डॉक्टरांना विचारा, मनाने गोळी बंद करू नका. ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांनीही प्रमाण विचारूनच वाढवावं.

यंदा काकूंच्या कुरडया सकाळी आठच्या आत घालून झाल्या. मला चाखायला बोलावलं, पण ताटलीत एकच ठेवली. म्हणाल्या, "तळलेली आहे. तुझीही चाळिशी उलटलीय!"